कॅमेऱ्यातील छायाचित्रे वायफायवरून लॅपटॉपवर घेताना ‘त्रुटी ४१’

प्रश्न

नमस्कार. मिरजेतील एका तंतुवाद्य कारागिरांच्या तानपुऱ्यांची आणि सतारींची छायाचित्रे मी काढत आहे. भोपळ्यावरची नक्षी आणि घोडीची (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीची) घडण लॅपटॉपच्या पडद्यावर लगेच दिसली, तर काय नीट आले नाही हे ते तिथल्या तिथे सांगू शकतात, म्हणून सुरुवातीला कॅमेरा केबलने जोडत होतो. गेल्या आठवड्यात मात्र त्या केबलमध्ये पाय अडकला आणि भिंतीला टेकवलेला तानपुरा पडता पडता वाचला. तेव्हापासून वाद्यांच्या खोलीत केबल न्यायची नाही, असे ठरवले आहे.

कॅमेरा कॅनन ईओएस आर६ असून लॅपटॉपवर विंडोज ११ आहे. लॅपटॉपवर फाइलझिला सर्व्हर हा फाइली स्वीकारणारा प्रोग्राम बसवून कॅमेऱ्यातील एफटीपीच्या (नेटवर्कवरून फाइली पाठवण्याच्या) सोयीने शनिवारी छायाचित्रे व्यवस्थित आली. सोमवारी काहीही न बदलता ‘त्रुटी ४१’ दिसू लागली. वायफाय जोडले जाते, पासवर्डही तोच आहे. घोडे नेमके कुठे पेंड खात असावे?

प्रतिसाद १

कॅमेरा एफटीपी सर्व्हरपर्यंत पोहोचू शकला नाही, असा त्रुटी ४१ चा अर्थ आहे. राउटर प्रत्येक उपकरणाला आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, ठरावीक मुदतीपुरता देतो. लॅपटॉप दोन दिवस बंद राहिला की त्याला वेगळा पत्ता मिळू शकतो, आणि कॅमेरा मात्र जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहतो. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लॅपटॉपचा आजचा पत्ता पाहून तो कॅमेऱ्यात भरलेल्या पत्त्याशी ताडून पाहावा. फरक आढळल्यास राउटरमध्ये लॅपटॉपसाठी एकच पत्ता राखून ठेवावा, म्हणजे हा प्रश्न पुन्हा उद्भवणार नाही. त्या वायफायसाठी विंडोजमधील ‘रँडम हार्डवेअर अॅड्रेस’ ही सोय चालू असेल तर ती बंद करावी, कारण राउटर लॅपटॉपला हार्डवेअर पत्त्यावरूनच ओळखतो.

प्रतिसाद २

पत्ता जुळत असूनही जोडणी होत नसेल, तर फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी विंडोजमधील सोय, तपासावी. हे वायफाय विंडोजने ‘पब्लिक’ धरले असेल तर ते ‘प्रायव्हेट’ करावे आणि फाइलझिला सर्व्हरला तिथे परवानगी द्यावी. एफटीपीची एक खोच इथे लक्षात घ्यायला हवी: आज्ञांची देवाणघेवाण पोर्ट २१ वरून (पोर्ट म्हणजे जोडणीचे क्रमांक दिलेले दार) होते, पण छायाचित्र स्वतंत्र जोडणीतून जाते, आणि पॅसिव्ह पद्धतीत त्या जोडणीचा पोर्ट सर्व्हर ऐन वेळी सांगतो. त्यामुळे केवळ २१ उघडा ठेवला, तर लॉगिन होते आणि छायाचित्र मात्र अडकते. सर्व्हरमध्ये ५०००० ते ५०१०० असा टप्पा ठरवून फायरवॉलमध्ये तेवढेच पोर्ट उघडणे मला सर्वांत खात्रीचे वाटते.

प्रश्नकर्ता

पत्ताच बदलला होता; शेवटी ५ होते, त्याचे ९ झाले होते. राउटरमध्ये पत्ता राखून ठेवल्यावर छायाचित्रे येऊ लागली, आपला मनःपूर्वक आभारी आहे. आता रॉ (कॅमेऱ्याची मूळ, मोठी फाइल) आणि जेपेग (लहान केलेली फाइल) दोन्ही पाठवताना फार वेळ लागतो, आणि आलेली छायाचित्रे लाइटरूम या छायाचित्रांच्या प्रोग्राममध्ये आपोआप उघडत नाहीत.

प्रतिसाद ३

आर६ फक्त २.४ गिगाहर्ट्‌झचे वायफाय वापरतो. त्यातच लॅपटॉपही वायफायवर असेल, तर प्रत्येक छायाचित्र कॅमेऱ्याकडून राउटरकडे आणि राउटरकडून लॅपटॉपकडे असे दोनदा हवेतून जाते. लॅपटॉप राउटरशेजारी ठेवून लॅन केबलने जोडावा. ती केबल टेबलावरच राहील, वाद्यांकडे जाणार नाही. पाठवण्यासाठी केवळ जेपेग निवडावे आणि रॉ कार्डावरच राहू द्यावे, कारण जागेवर पाहण्यासाठी जेपेग पुरेसे असते.

लाइटरूम क्लासिकमधील ‘ऑटो इम्पोर्ट’ला (नवी छायाचित्रे आपोआप आत घेण्याच्या सोयीला) नेमून द्यायचा फोल्डर सुरुवातीला रिकामा असावा लागतो, आणि त्याच्या आतल्या फोल्डरांकडे ते लक्ष देत नाही. म्हणून छायाचित्रे थेट त्याच फोल्डरात उतरत आहेत ना, हे आधी पाहावे. एफटीपीमध्ये पासवर्ड उघडाच जातो, तेव्हा हे सारे स्वतःच्या राउटरवरच करावे, लोकांच्या वायफायवर नव्हे.

प्रश्नकर्ता

फोल्डरात शनिवारची छायाचित्रे पडून होती. ती हलवल्यावर ऑटो इम्पोर्ट सुरू झाले. केवळ जेपेग ठेवल्यामुळे आता काही क्षणांत छायाचित्र पडद्यावर येते. आज कारागिरांनी घोडीचे छायाचित्र मोठे करून पाहिले आणि तारेखालचा जवारीचा (नाद खुलवण्यासाठी ठेवलेला) दोरा दिसत नाही म्हणून दिवा थोडा खाली घ्यायला सांगितला. पुढच्या छायाचित्रात तो दोरा स्पष्ट आला आहे.