मिशिगनचे दोन तुकडे कसे काय?

नातवाची_आजी
नमस्कार मंडळी, सध्या लेकीकडे मिशिगनमधल्या ऍन आर्बरला आलेय. नातवाकडे अमेरिकेच्या राज्यांचं लाकडी पझल आहे, रोज दुपारी आम्ही दोघं ते लावत बसतो. बाकी सगळं जमतं पण मिशिगन आलं की अडतं, कारण त्याचे दोन तुकडे, खालचा हातमोज्यासारखा आणि वरचा आडवा लांबट. हा वरचा खालच्याला कुठे चिकटतच नाही, मध्ये पाणी, आणि विस्कॉन्सिनला मात्र फिट्ट बसतो. नातू म्हणतो आजी हा त्यांचाच आहे, यांनी घेतलाय. जावई म्हणाले ओहायोशी भांडण झालं होतं म्हणून. अहो पण ओहायो तर खाली दक्षिणेला! कुणी नीट सांगेल का? अशा अजून राज्यांच्या गोष्टी असतील तर त्याही लिहा, त्याला रोज एक लागते.

डेट्रॉइटकर
आजी, जावई बरोबर सांगतायत. भांडण टोलेडोवरून. १७८७ च्या कायद्यात हद्दीची रेघ ठरली ती लेक मिशिगनच्या दक्षिण टोकापासून सरळ पूर्वेला, पण तेव्हाच्या नकाशात ते टोक खऱ्यापेक्षा बरंच वर काढलेलं, त्यामुळे ४६८ चौरस मैलांचा पट्टा दोघंही आमचाच म्हणायला लागले. टोलेडो म्हणजे मॉमी नदीचं मुख, तिथे कालवा येणार होता, म्हणजे व्यापार सगळा तिथून. १८३५ ला दोन्हीकडून फौजा निघाल्या, मिशिगनचा गव्हर्नर स्टीव्हन्स मेसन तेव्हा अवघा २३ वर्षांचा! मेलं कुणीच नाही, एका डेप्युटी शेरीफला तेवढा खिशातल्या छोट्या चाकूने भोसकला, तो भोसकणारा टू स्टिकनी. हो, नावच टू, आणि त्याच्या भावाचं नाव वन. नातवाला हे नक्की सांगा.

शेवटी अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने तोड काढली की टोलेडो ओहायोला आणि मिशिगनला राज्याचा दर्जा अधिक तो वरचा तुकडा. लोक भडकले, कारण वर नुसतं जंगल आणि बर्फ आहे असंच सगळ्यांना वाटायचं. सप्टेंबर १८३६ ला सभा भरली ती तुमच्या ऍन आर्बरलाच, तिने साफ नकार दिला, मग डिसेंबरच्या थंडीत परत तिथेच दुसरी सभा भरली तिने हो म्हटलं. २६ जानेवारी १८३७ ला राज्य झालं, तारीख आपल्याला लक्षात ठेवायला सोपी. आणि दहा वर्षांच्या आत त्या जंगलात तांबं आणि लोखंड निघालं! दोन तुकडे जोडणारा मॅकिनॉ पूल मात्र १९५७ चा, पाच मैल लांब, उन्हाळ्यात नातवाला घेऊन जाच.

वाटसरू
मस्त लिहिलंय. माझ्याकडून एक. मी कामासाठी ओमाहाला गेले होते, ओमाहा नेब्रास्कात, मध्ये मिसुरी नदी, पलीकडे आयोवा. एअरपोर्टवरून टॅक्सीने गावात येताना नदी ओलांडलीच नाही आणि तरी रस्त्यात आयोवाची पाटी! ड्रायव्हरकाकांनी सांगितलं ते कार्टर लेक, आयोवाचं गाव. १८७७ च्या पुरात नदीने वळण सोडून सरळ वाट धरली, गावाची जमीन या बाजूला राहिली. केस सुप्रीम कोर्टात गेली, १८९२ ला निकाल आयोवाच्या बाजूने. नियम असा की नदी हळूहळू सरकली तर हद्द तिच्याबरोबर सरकते पण एकदम उडी मारली तर हद्द जुन्याच जागी. मला हा नियम फार आवडला.

उगवतीचा_तारा
नातू थोडा मोठा झाला की ओक्लाहोमाच्या दांड्याचीही गोष्ट सांगा, पझलमध्ये तो तव्याच्या दांड्यासारखा दिसेल. टेक्सासमध्ये गुलामगिरी होती आणि ३६ अंश ३० मिनिटे अक्षांशाच्या उत्तरेला ती चालणार नाही असं १८२० लाच ठरलं होतं, म्हणून १८५० ला टेक्सासने त्या रेघेवरची जमीन सोडली पण गुलाम सोडले नाहीत. कॅन्ससची हद्द पुढे ३७ अंशावर ठरली, मधली ३४ मैल रुंदीची पट्टी कुणाचीच नाही, तोच हा दांडा. लोक येऊन घरं बांधून राहिले तरी जमीन नावावर करायला कचेरी नाही, कोर्ट नाही, १८९० पर्यंत असंच.

आणि डेट्रॉइटकर, वरचा तुकडा 'दिला' म्हणताना एक जोडा, तिथे ओजिब्वे हे मूळ रहिवासी लोक राहत होते, त्याचा पूर्वेकडचा भाग त्यांच्याकडून १८३६ च्याच तहात घेतला.

डेट्रॉइटकर
बरोबर, हे मी लिहायलाच हवं होतं.

नातवाची_आजी
सगळ्यांचे मनापासून आभार! आज वन आणि टूची गोष्ट सांगितली, तो म्हणाला तिसरा झाला असता तर थ्री का? आणि तुकडा हातात घेऊन विचारलं की मग ते ओजिब्वे आता कुठे राहतात. ते उद्या वाचून सांगणार आहे त्याला.