न विचारता शेतातून फायबर केबल टाकलीय, काय करता येईल?

वाळवेकर
नमस्कार मंडळी. वाळवा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या रस्त्याला लागून आमचं उसाचं रान आहे. मी पुण्यात नोकरीला, गावाकडं वडील बघतात. ऊस तुटून रान मोकळं झालं आणि एका खाजगी टेलिकॉम कंपनीच्या ठेकेदारानं आमच्या बांधाच्या आतून जेसीबीनं चर मारून केबल टाकली, वडिलांना कळेपर्यंत चर बुजवून माणसं पुढच्या गावाच्या हद्दीत गेली पण. ठिबकची सबमेन (रानात पाणी नेणारी पाईप) तोडलीय ते वेगळंच. सुपरवायझरला फोन केला तर म्हणतो रस्त्याची परवानगी आहे, सरकारी काम आहे, पण कागद दाखवत नाही. आता वळीव झाल्यावर चर खचलाय आणि आम्हाला खोल नांगरट करायचीय. वडील म्हणतात तोडूनच टाकतो. पैशापेक्षा न विचारता आत घुसले याचा राग जास्त आहे. काय करावं?

कोर्टकचेरी
सगळ्यात आधी वडिलांना थांबवा, केबलला हात लावू देऊ नका. राग बरोबरच आहे, पण टेलिकॉम कायदा २०२३ मधली नेटवर्कचं नुकसान करण्याबद्दलची कलमं २६ जून २०२४ पासून लागू आहेत, भरपाई आणि वर दंड दोन्ही तुमच्यावर येऊ शकतं आणि मग तक्रारदार तुम्ही राहत नाही, ते होतात. त्याच कायद्याचं कलम १२ मात्र तुमच्या बाजूचं आहे. खाजगी जमिनीतून लाईन न्यायची तर कंपनीनं मालकाकडं अर्ज करायचा आणि मोबदला दोघांनी ठरवून करार करायचा. मालकानं नाही म्हटलं तरी कंपनीला परस्पर घुसता येत नाही, सार्वजनिक हितासाठी गरज आहे का ते केंद्र सरकारनं ठरवायचं असतं. या सगळ्याचे राईट ऑफ वे (दुसऱ्याच्या जागेतून लाईन न्यायची मुभा) नियम १ जानेवारी २०२५ पासून आहेत. "सरकारी काम" म्हणून दम देणारा ठेकेदार यातलं काहीच केलेलं नसताना बोलतोय. आणि लाईन टाकली म्हणून जमिनीवर कंपनीचा हक्क लागत नाही, तेवढी धास्ती घेऊ नका.

गटनंबर
वरचं सगळं बरोबर, पण मला आधी हे सांगा की केबल खरंच तुमच्या गटात आहे का? बांधाच्या आत म्हणजे तुमच्या हद्दीत असं नसतं दादा. रस्त्यासाठी पूर्वी संपादन झालं असेल तर फेरफार आणि कमी-जास्त पत्रक (गटाचं क्षेत्र कमी-जास्त झाल्याची नोंद) बघा. बऱ्याच ठिकाणी रस्ता रुंद दिसतो पण संपादन कमीचं असतं, काही ठिकाणी तर रस्ता अजून शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावरच आहे, आणि उलटंही होतं, शेतकऱ्यानं बांध रस्त्याच्या जागेत सरकवलेला असतो. भूमी अभिलेखला मोजणीचा अर्ज टाका, हद्दी कायम करून घ्या आणि मोजणी अधिकाऱ्याला केबलची लाईन नकाशावर दाखवायला सांगा. त्या मोजणी नकाशाची "क" प्रत हातात आली की पुढचं सगळं सोपं, त्याशिवाय नोटीस काढली तर पहिलं उत्तर हेच येणार की आम्ही रस्त्याच्या हद्दीत आहोत. सोबत जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात माहिती अधिकार टाका, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. परवानगीची प्रत, मंजूर नकाशा, खोली आणि अनामत रक्कम एवढं मागा. परवानगी रस्त्याच्या हद्दीपुरतीच असणार, जिल्हा परिषद तुमच्या रानाची परवानगी देऊच शकत नाही.

डक्टवाला
मी याच लाईनमध्ये साईटवर काम केलंय म्हणून सांगतो. रस्त्याच्या कडेला खडक लागला, झाडं आली किंवा आधीची पाण्याची पाईपलाईन आली की मशीन सरळ शेतात वळवतात, कारण ठेकेदाराला पैसे मीटरवर मिळतात आणि रान मऊ असतं. मालक घरी नाही बघून काम उरकतात, हे चुकीचंच आहे. चर खचलाय म्हणता तर कुठं पाईप उघडी पडलीय का बघा. त्या प्लास्टिकच्या डक्टवर (ज्या पाईपमधून केबल जाते तिच्यावर) बहुतेक वेळा कंपनीचं नाव आणि मीटरचे आकडे छापलेले असतात, तिथं टेप धरून फोटो काढा, खोली दिसली पाहिजे. साध्या जमिनीत १.६५ मीटर खोल हा आपल्याकडचा जुना चालत आलेला निकष आहे, शेतात मात्र बऱ्याचदा गुडघाभर खणून भागवतात. खोली कमी असेल तर कंपनीला आधी लेखी कळवल्याशिवाय नांगर घालू नका.

वाळवेकर
खूप आभार सगळ्यांचे. वडिलांना समजावलंय. पाईप एका ठिकाणी उघडी आहे आणि नाव खरंच छापलंय, खोली दोन फूटसुद्धा भरत नाही. तलाठ्यांकडून पंचनामा करून घेतलाय, त्यात ठिबकचंही लिहून घेतलं. मोजणीचा अर्ज उद्या टाकतो. ठेकेदाराचा माणूस मात्र आता रोख पैसे घ्या आणि एका कागदावर सही करा म्हणतोय. शेजारी विचारतायत की विजेच्या खांबांनाही हेच लागू का?

कोर्टकचेरी
विजेचं वेगळं. तिथं वर्क्स ऑफ लायसन्सीज नियम २००६ (वीज कंपन्यांच्या कामांचे नियम), त्यातही आधी मालकाची संमती, हरकत असेल तर जिल्हाधिकाऱ्याची लेखी परवानगी, आणि मोबदला किंवा वार्षिक भाडं जिल्हाधिकारी ठरवू शकतात. मोठ्या टॉवर लाईनना मात्र सरकारनं वीज कायदा २००३ च्या कलम १६४ खाली जादा अधिकार दिलेले असतात, तिथं संमतीपेक्षा भरपाईवरच भांडावं लागतं.

ठेकेदाराच्या कागदावर सही अजिबात नको, त्यात बहुतेक "स्वखुशीनं संमती दिली" असंच लिहिलेलं असणार. बोलायचं ते कंपनीशी, स्पीड पोस्टानं. "क" प्रत आली की वकिलामार्फत नोटीस द्या आणि पहिली मागणी लाईन रस्त्याच्या हद्दीत हलवण्याचीच ठेवा. वडील राहू द्यायला तयार झाले तरच करार, आणि त्यात नकाशा जोडा, खोली लिहा, दुरुस्तीला यायच्या आधी लेखी कळवायचं, पिकाचं नुकसान झालं तर भरपाई आणि उद्या विहीर किंवा घर काढलं तर त्यांच्या खर्चानं केबल हलवायची, हे सगळं आलं पाहिजे. ठिबकची भरपाई मात्र या सगळ्यासाठी थांबवू नका, पंचनामा आहे, ती आत्ताच लेखी मागा.