सिंगर २९के वर ढोलाचे पट्टे शिवायचेत, जाड चामड्यात टाके सुटतात

भांडुपचा ढोलवाला

नमस्कार मंडळी. आमच्या पथकात दरवर्षी कॅनव्हासचे कमरपट्टे येतात आणि विसर्जनापर्यंत त्यांची शिवण उसवते. ऐन मिरवणुकीत कुणीतरी ढोल हाताने सावरत चालत असतो. म्हणून यंदा चामड्याचे पट्टे स्वतःच शिवायचं ठरवलंय. गटईचं दुकान बंद करणाऱ्या एका काकांकडून सिंगरची पॅचर (बूट-बॅगा दुरुस्त करायची) मशीन मिळाली. पट्टीवर २९के वाचता येतं, पुढचे आकडे घासून गेलेत. नंबर वाय अक्षराने सुरू होतो. खालचं पायडल शाबूत आहे, चाकाची वादी तेवढी नवीन घातली.

शेळीच्या पातळ चामड्यावर टाका छान पडतो. बफचे (म्हशीच्या चामड्याचे) दोन पदर एकत्र घेतले (साधारण ७ मिमी होतात) की दोन-चार टाके पडतात आणि एक सुटतो. शिवाय टाका फार बारीक येतोय, टाक्याच्या लांबीचा स्क्रू शेवटपर्यंत सरकवला तरी. वरच्या बाजूला मशीनच्या पायाच्या दातांचे वळ उठतात ते वेगळंच. सुई मिळाली ती घातलीये, दोरा जाड नायलॉनचा आहे. मोटर लावली तर जोर वाढेल का? गणपतीच्या आत वीस-पंचवीस पट्टे तयार हवेत. जाणकारांनी सांगा.

नेहमीचा विंडोसीट

लाव की मोटर भावा. आमच्या गल्लीत एक जण रिक्षाच्या सीटा शिवतो, सर्व्हो मोटर बसवल्यापासून त्याचं काम सुसाट चाललंय.

कुर्ल्याचा मिस्त्री

मोटर आधी डोक्यातून काढ. सीटा शिवणाऱ्याची मशीन वेगळी, तुझी वेगळी. माझं उभं आयुष्य मशीनी खोलण्यात गेलंय, मोटर लावून वाट लावलेल्या पॅचर पुष्कळ बघितल्यात. ही हळू चालायची जात आहे. लांब हाताच्या आत दात्यांची एक पट्टी असते, ती पुढेमागे सरकते आणि शटलला (खालचा दोरा घेऊन फिरणाऱ्या भागाला) फिरवते. ते दात एकदा झिजले की शटल वेळेवर पोचत नाही. मोटरने तुझे टाके सुटायचे थांबणार नाहीत, वेगाने सुटतील एवढंच.

मशीन चांगली आहे बरं का. के म्हणजे किलबोवी, स्कॉटलंडात क्लाइडबँकला सिंगरचा कारखाना होता तो. १८८५ च्या सुमाराला चालू झाला, १९८० ला बंद पडला. वाय नंबर म्हणजे १९३५ किंवा त्याआधीचा माल. लोखंडाला काही होत नाही, झिजतात ते सांधे.

आता टाका का सुटतो ते समजून घे, म्हणजे उगाच शटल कानशीत बसणार नाहीस. सुई तळाला जाते आणि किंचित वर उचलली जाते, तेव्हा तिच्यामागे दोऱ्याचा छोटा फुगा तयार होतो. शटलचं टोक त्या फुग्यात शिरायला हवं. पण जाड चामडं सुईला घट्ट धरतं आणि सुईबरोबर स्वतःच वर येतं. चामडं वर आलं की फुगा धरत नाही, टोक रिकामं फिरून येतं. शेळीचं चामडं सुईला एवढं धरत नाही, म्हणून तिथे तुझं काम बिनबोभाट होतं. चाक हाताने अगदी हळू फिरव आणि पायाच्या कडेला चामडं उचललं जातंय का ते डोळ्यांनी बघ. उचललं जात असेल तर पायावर दाब देणारी वरची स्प्रिंग आणखी आवळ.

दुसरं, सुई. 'मिळाली ती' हे उत्तर चालणार नाही. हिला २९×३ किंवा २९×४ लागते. ×४ चं टोक चामड्याचं, ×३ चं कापडाचं. घरगुती मशीनची किंवा शर्टाच्या कारखान्यातली सुई हिच्यात बसली तरी लांबी जुळत नाही, मग शटल आणि सुईची गाठच पडत नाही. सुईची लांब खाच दोरा शिरतो त्या बाजूला आणि खोलगट भाग शटलच्या टोकाकडे, हे बघूनच स्क्रू आवळ.

तिसरं, दोरा. रिळावरचा तिकीट नंबर जितका लहान तितका दोरा जाड. ४० नंबरला १८ ची सुई, ३० ला २०, २० ला २२. याच्या पलीकडे पॅचरला नेऊ नकोस. बॉबिन एवढीशी, जाड दोरा भरलास तर एक पट्टा पुरा व्हायच्या आत खालचा दोरा संपतो. आणि मशीनवर ओवताना दोरा वरून पोकळ दांड्यातून खाली यायला हवा. त्यासाठी लांब बारीक तार असते, टोकाला आकडा असलेली. काकांनी दिली नसेल तर पातळ स्टीलच्या तारेची करून घे. काही लोक ती कटकट नको म्हणून दोरा बाहेरूनच सुईत घालतात. मग पाय फिरवला की दोरा दांड्याला गुंडाळतो आणि तुटतो.

टाका बारीक पडतो त्याचं कारण बहुतेक झीज. या मशीनला खाली दाते नसतात, पायच चामडं ओढतो. पायाला मागेपुढे हलवणारा वाकडा आकडा आणि त्याची कॅम (आकड्याला ढकलणारा भाग) झिजली की स्क्रू कितीही सरकव, पाय पुढे जातच नाही. दोरा काढून ठेव, जाड पुठ्ठ्यावर रिकामी शिव आणि एका इंचात किती भोकं पडतात ते मोज. पाच-सहा असतील तर ठीक. दहा असतील तर तो आकडा वेल्डिंगने भरून घासून घ्यावा लागेल. चांगला फिटर करतो ते.

आणि शेवटी खरं सांगतो, ही दुरुस्तीची मशीन आहे. बुटाच्या आत, बॅगेच्या कोपऱ्यात, जिथे दुसरी मशीन शिरत नाही तिथे हिचा पाय गर्रकन फिरतो आणि हव्या त्या दिशेला शिवतो. तिची करामत ती. सरळ लांब पट्टा शिवणं तिचं काम नव्हे. त्याला ४५के सारखी मशीन लागते. धारावीत कुणी मजुरीवर शिवून देतं का विचार.

वसईची बॅगवाली

मिस्त्रीकाकांनी मशीनचं सांगितलंच आहे, मी चामड्याकडे वळते. दादा, आधी 'बफ' म्हणजे नक्की कोणतं घेतलंस ते सांग. धारावीत बहुतेक दुकानांत क्रोमचं (क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं) बफ आधी पुढे करतात, कारण पर्स आणि पाकिटांना तेच खपतं. ते पाणी सोसतं पण ताणलं जातं. ढोल कमरेला लटकवलास की महिन्याभरात पट्ट्याची भोकं लांबट होतील. पट्ट्याला झाडाच्या सालीने कमावलेलं म्हशीचं चामडं माग, साडेतीन ते चार मिमी. बैलाचं कुणी देतो म्हणालं तर विश्वास ठेवू नकोस, २०१५ च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात ती कत्तल बंद आहे. भाव चौरस फुटावर असतो. पट्ट्यांसाठी पाठीकडचा भाग उलगडून बघ, पोटाकडचा सैल असतो.

सालीने कमावलेल्या चामड्याला लोखंड चालत नाही. घामाने किंवा पावसाने ओलं झालं की लोखंडी बकलाभोवती काळे डाग उमटतात, ते जात नाहीत. पितळी किंवा स्टेनलेस स्टीलची बकलं घे.

दोन पदर सोल्युशनने चिकटवत असशील तर ते पूर्ण सुकू दे. ओलसर सोल्युशन सुईला चिकटतं आणि त्यानेही टाका सुटतो. माझ्या कारागिराची ही नेहमीची घाई, म्हणून आता चिकटवलेला माल मी त्याच्यापासून लपवूनच ठेवते :)

वळांचं म्हणशील तर पायाखाली पातळ चामड्याची चकती चिकटवतात. पण पॅचरचा पायच चामडं ओढतो, चकती लावली की पकड जाते. म्हणजे वळ सोस नाहीतर हाताने शिव.

भांडुपचा ढोलवाला

काका, ताई, मनापासून आभार. चाक हाताने फिरवून बघितलं. चामडं खरंच उचललं जातंय, अगदी स्पष्ट दिसतं. स्प्रिंग आवळली तेव्हा फरक पडला, पण सुई डीबीचीच (शर्टाच्या कारखान्यातली) निघाली, तेव्हा ती आधी बदलतो. पुठ्ठ्यावर इंचात नऊ भोकं. तो वाकडा आकडा झिजलाय असंच धरायचं का?

चामडं क्रोमचंच आहे :( आणि काकांनी मशीनला खोबरेल घातलेलं होतं, सगळीकडे तपकिरी चिकटा झालाय. तो कशाने काढू? आणि पट्टे हाताने शिवायचे तर किती अवघड आहे?

कुर्ल्याचा मिस्त्री

नऊ म्हणजे आकडा आणि कॅम दोन्ही बघायला हवं. आधी खोबरेल काढ मग मोज, कारण चिकटा सुकून सांधे जड झाले असले तरी पाय पूर्ण सरकत नाही. रॉकेल आता कुठे मिळायला? रंगाच्या दुकानातून टर्पेंटाइन आण. प्रत्येक तेलाच्या भोकात सोड, चाक फिरव, काळं पाणी फडक्याने टिपत जा, रात्रभर ठेव, परत कर. साफ झालं की फक्त मशीनचं पांढरं तेल, बाकी काही नाही. टर्पेंटाइन अंगावरच्या सोनेरी नक्षीवर सांडू देऊ नकोस. थिनर आणि स्पिरिट तर जवळपासही नको, अक्षरं उडतात.

शटल बाहेर काढ, टोकावर नख फिरव. कुठे अडकलं तर शून्य नंबरच्या पॉलिश पेपरने नुसतं गुळगुळीत कर, टोकाची लांबी कमी करायची नाही. स्क्रू-स्प्रिंग मुंबईच्या नागदेवी बाजारात मिळतील. शटल मात्र जुनं बरोबर घेऊन जा आणि शेजारी ठेवून ताडून बघ, २९के मध्ये छोट्या आणि मोठ्या बॉबिनचे दोन्ही प्रकार असतात.

पावसाळ्यात काम संपलं की सुईचा दांडा आणि पाय तेलाच्या फडक्याने पुसायचा. मशीनवर प्लास्टिक टाकू नकोस, आत घाम धरतो. जुनी सुती चादर टाक.

वसईची बॅगवाली

हाताने शिवणं अवघड नाही, वेळखाऊ आहे. आरीने ४-५ मिमीवर भोकं पाडायची आणि एकाच मेण लावलेल्या दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, दोन्ही बाजूंनी एकाच भोकातून. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा मध्ये अडकलेला असतो, एक तुटला की शेजारचे सैल होतात. या टाक्यात प्रत्येक भोकात दोन्ही धागे पार झालेले असतात, एक तुटला तरी बाकीचे धरून ठेवतात. ढोलाचं वजन जिथे येतं, म्हणजे कडी आणि बकलाजवळची दुमड, तेवढीच हाताने शिव. बाकी लांब कडा मजुरीवर शिवून घे, इंचाला सहा टाके सांग. पथकातल्या दोघांना रविवारी बसव, बकलाच्या दुमडी एका दिवसात होतील.

क्रोमचं चामडं फुकट गेलं असं समजू नकोस. टिपऱ्यांच्या पिशव्या आणि ताशाचे खांद्याचे पट्टे त्याचेच कर, तिथे एवढा ताण येत नाही.

भांडुपचा ढोलवाला

ठरलं. दुमडी हाताने, लांब शिवण मजुरीवर, पॅचर फक्त पिशव्यांना. २९×४ सुया आणायला शनिवारी धारावीला जातोय. ताई, पाठीकडचा भाग ओळखायला काय बघू?

वसईची बॅगवाली

अख्खं कातडं टेबलावर पसरायला सांग. मधल्या कण्याच्या रेषेच्या दोन्ही बाजूंचा घट्ट भाग घे. चिमटीत धरून वाकवल्यावर वरच्या थरावर सैल सुरकुत्या पडल्या तर तो पोटाकडचा, तो बाजूला ठेव. दुकानदार कंटाळला तरी बघूनच घे.