मुलाखतीची उत्तरं पाठ करून जावं का?

टाचणी: 'नेहमीचे ५० प्रश्न' उतरवून घ्यायचे आणि उत्तरं घोकायची, याला मी तयारी मानत नाही. घोकलेलं उत्तर पहिल्याच उपप्रश्नाला आडवं होतं. "खर्च कमी केला" म्हटलं की समोरून येतं, "किती? कशाच्या तुलनेत? त्यात तुमचा वाटा काय?" त्यापेक्षा जाहिरातीतल्या जबाबदाऱ्या काढा आणि प्रत्येकीसमोर आपल्या कामातला एक प्रसंग लिहा. असे ५-६ प्रसंग आतून-बाहेरून ठाऊक असले की बहुतेक प्रश्न निभावतात. हुकलेल्या मुदतीचा प्रसंग मतभेदाच्या प्रश्नालाही चालतो, 'तुमची एखादी चूक सांगा' यालाही; भर कुठे द्यायचा एवढंच बदलतं.

शेवटचा बाक: असहमत. ऐन वेळी वाक्यं सगळ्यांनाच सुचत नाहीत, आणि मुलाखत परक्या भाषेत असेल तर विचारूच नका. 'स्वतःबद्दल सांगा' हा प्रश्न जवळपास ठरलेला. तिथेच चाचपडलात तर पुढची दहा मिनिटं सावरण्यात जातात. दीड मिनिटाचं उत्तर लिहा, मोठ्याने म्हणा, पाठ करा.

टाचणी: आणि मधला एक शब्द निसटला की? पुढचं काहीच आठवत नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शिवाय पाठ केलेलं बोलताना वेग वाढतो, आवाज सपाट होतो.

शेवटचा बाक: ते कच्च्या पाठांतराचं लक्षण. फोनवर रेकॉर्ड करून ऐका, धाप लागते तिथे वाक्य तोडा. लिहिताना चांगली वाटलेली लांब वाक्यं तोंडात बसत नाहीत, हे ऐकल्याशिवाय कळत नाही.

निवांत: मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूने सांगतो. बऱ्याच ठिकाणी सगळ्यांना तेच प्रश्न असतात आणि प्रत्येक उत्तराला ठरलेल्या निकषांवर गुण. प्रसंग सांगायचा परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम हा साचा तुम्हाला माहीत असेलच: काय घडलं होतं, तुमच्याकडे काय होतं, तुम्ही काय केलं, त्यातून काय झालं. गुण मुख्यतः कृतीला आणि परिणामाला मिळतात, पण उमेदवार परिस्थिती सांगण्यातच दोन मिनिटं घालवतो. त्यात सगळं 'आम्ही केलं, आम्ही ठरवलं'. 'मी' काय केलं ते कळलं नाही तर लिहायचं काय? माझ्या मते शब्दशः पाठ हव्यात तीनच गोष्टी: प्रत्येक प्रसंगातले आकडे, पहिलं वाक्य आणि पगाराची अपेक्षा.

शेवटचा बाक: पगाराचं तर हवंच. आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं. समोरचा दोन सेकंद थांबला की लोक स्वतःच "थोडं कमी असलं तरी चालेल" असं शेपूट जोडतात.

टाचणी: आकड्यांचं आणि पगाराचं मान्य. 'स्वतःबद्दल'चं अजिबात नाही. तिथे चार मुद्दे क्रमाने पुरतात: सध्याचं काम, त्यातलं एक ठोस फलित, आधीचा अनुभव, ही जागा का हवी. आणि ऑनलाइन मुलाखतीत पडद्याच्या कडेला अख्खं उत्तर चिकटवू नका, डोळे ओळीवरून सरकताना स्पष्ट दिसतात. चिठ्ठी ठेवायचीच तर कॅमेऱ्याच्या अगदी खाली, त्यावर फक्त प्रसंगांची नावं.

शेवटचा बाक: चार मुद्दे ठीक, पण ते जोडणारी वाक्यं कुठून येणार? तिथेच तर "म्हणजे... ॲक्च्युअली..." सुरू होतं. मी पाठ करा असंच सांगेन.