मदत हवी आहे : जुना वाडा उतरवून दुसरीकडे उभारण्याबाबत

सप्रेम नमस्कार. जुन्या नाशकात भद्रकालीजवळ आमचा एकचौकी, दुमजली वाडा आहे. भाऊबंदांनी पुनर्विकासाचा करार केल्यामुळे दिवाळीनंतर तो पाडला जाणार असून, त्याआधी निदान ओसरी, चौक आणि माडीचा सांगाडा सुटा करून दिंडोरी रस्त्यावरील आमच्या शेतात पुन्हा उभारावा, अशी माझी इच्छा आहे. खांब, तुळया आणि कडीपाट (लाकडी फळ्यांचे छत) सागवानी असून सांधे कूस घालून, म्हणजे एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून, जुळवलेले आहेत. त्यामुळे ते न कापता सुटतील, असे वाटते. भिंती मात्र विटामातीच्या असल्याने त्या नेण्याचा आग्रह नाही. (खांबांखालचे दगडी तळखडे नेणारच, आजोबा त्यांवरच बसत.) चेन्नईजवळच्या दक्षिणचित्र संग्रहालयात जुनी घरे अशीच सुटी करून पुन्हा उभारली आहेत, म्हणजे हे अशक्य नाही.

प्रत्येक लाकडावर क्रमांक घालण्यापूर्वी मोजणीचे नकाशे कोणी करून देईल का? असे काम प्रत्यक्ष केलेले सुतार नाशिक परिसरात कोणाच्या माहितीत आहेत का? जुने सागवान नेण्यासाठी वनखात्याचा वाहतूक परवाना लागतो का, हेही अनुभवी व्यक्तींनी कृपया सांगावे.