पंढरपूर: दर्शनबारीच्या पलीकडे
'दर्शनबारी सोडली तर पंढरपुरात पाहण्यासारखं काही नाही' हे मत मला अजिबात पटत नाही. नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे, तिथे थोडं थांबा. आयुष्यभर देवळाबाहेर ठेवलेला हा संत. त्यांच्या समाजाला आत जाता यावं म्हणून साने गुरुजींनी मे १९४७मध्ये याच गावात, तनपुरे महाराजांच्या मठात, दहा दिवस उपोषण केलं, तेव्हा कुठे दार उघडलं. माझ्या लेखी पंढरपूरचा इतिहास म्हणजे आधी हा. मग होळकर वाडा, चंद्रभागेतलं विष्णुपद मंदिर, गोपाळपूरचं जनाबाईचं जातं (घाईतले लोक तिथवर जातच नाहीत). मार्गशीर्षात विठोबा विष्णुपदावर मुक्कामाला असतो अशी श्रद्धा आहे. जमलं तर तेव्हाच जा.