रोग, लागण, देखरेख : वन्यप्राण्यांच्या आजारांसाठी मराठी शब्द

पाणवठा
वनरक्षकांसाठी एक छोटी पुस्तिका मराठीत करतोय. जंगलात आजारी किंवा मेलेलं जनावर दिसलं तर काय नोंदवायचं, नमुना कसा घ्यायचा, कुठे पाठवायचा, हा विषय. सगळ्या विभागांतल्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहता याव्यात एवढाच हेतू. तीन ठिकाणी अडलोय. 'सर्व्हेलन्स' आणि 'मॉनिटरिंग' या दोन्हींना मी 'देखरेख' लिहून मोकळा झालो होतो, पण मूळ मजकुरात दोन्ही एकाच वाक्यात आले आणि पंचाईत झाली. 'स्टँडर्डायझेशन'ला प्रमाणीकरण म्हणावं की मानकीकरण? आणि 'केस डेफिनिशन'ला, म्हणजे काय काय आढळलं की तो रोग धरायचा त्या अटींना, काय? 'प्रकरणाची व्याख्या' लिहिलं तर कोर्टात उभं राहिल्यासारखं वाटतं.

खडूफळा
सर्व्हेलन्सला 'पाळत' हा अस्सल शब्द आहे, पण चितळांवर पाळत म्हटलं की शिकारीच आठवतो. 'टेहळणी' बुरुजावर शोभते. आरोग्य खात्यात 'रोग सर्वेक्षण' रुळलंय. सर्व्हेलाही आपण सर्वेक्षणच म्हणतो ही अडचण आहे खरी, पण रुळलेला शब्द मोडून नवा घडवण्यात अर्थ नाही.

ढोरवैद्य
आधी फरक काय ते बघू, मग शब्द. जागतिक पशुआरोग्य संघटना या दोन्हींची वेगळी व्याख्या करते. मॉनिटरिंग म्हणजे नेहमीची मोजमापं ठरावीक काळाने करत राहायची आणि कळपाच्या तब्येतीत काही बदल होतोय का ते पाहायचं. सर्व्हेलन्स अखंड चालतं : माहिती गोळा होते, तपासली जाते आणि वेळेत योग्य माणसापर्यंत पोचते, कारण तिच्यावरून काहीतरी पाऊल उचलायचं असतं. दर हिवाळ्यात काही जनावरांचं रक्त तपासणं हे पहिलं. मेलेल्या वानराची खबर आली की नमुना घेणं, आसपास औषध फवारणं, गावाला सावध करणं हे दुसरं. म्हणून मी 'नियमित तपासणी' आणि 'रोग सर्वेक्षण' अशी जोडी सुचवेन. 'देखरेख' ठेवू नका, तिच्यात दोन्ही बुडतात.

पण तुमचा खरा गोंधळ पुढे होणार आहे, 'रोग' आणि 'लागण' यांच्यात. रक्तात प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) सापडली म्हणजे त्या जनावराला कधीतरी लागण झाली होती. ते आज आजारी आहे, असं त्यातून निघत नाही. शिवाय आपल्याकडच्या बहुतेक चाचण्या कुत्र्यांसाठी किंवा गुरांसाठी बनलेल्या. कुत्र्याची किट सिंहाच्या रक्तावर वापरली तर कितीच्या पुढे 'पॉझिटिव्ह' म्हणायचं, ती रेघ कुत्र्यांवरूनच आखलेली असते. सिंहासाठी ती पुन्हा पारखून घ्यावी लागते, आणि त्यासाठी लागणारे नमुने, नक्की आजारी आणि नक्की निरोगी सिंहांचे, आणायचे कुठून?

गीरचं उदाहरण घ्या. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात दलखाणिया भागात तेवीस सिंह गेले. सुरुवातीला आपसातल्या झुंजी हे कारण सांगितलं गेलं. मग पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या तपासणीत कॅनाइन डिस्टेंपर या मुख्यतः कुत्र्यांमध्ये दिसणाऱ्या रोगाचा विषाणू सापडला. काहींमध्ये गोचिडांतून येणारा बबेसिया हा रक्तातला परजीवीही होता. आता तुमच्या नोंदीच्या तक्त्यात 'मृत्यूचे कारण' असा एकच रकाना असेल तर तिथे काय लिहाल? जखमा दिसल्या हे खरं, विषाणू सापडला हेही खरं. म्हणून माझा आग्रह तीन रकान्यांचा : काय दिसलं, प्रयोगशाळेत काय सापडलं, त्यावरून काय ठरवलं. गिधाडांच्या बाबतीत हेच झालं. मेलेल्या गिधाडांच्या आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर दिसत होता, आणि बरेच जण संसर्गजन्य रोग शोधत होते. २००४ साली गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाकडे बोट गेलं, २००६ साली भारतात गुरांसाठी त्यावर बंदी आली. पांढरा थर आधीही तोच होता आणि नंतरही तोच. बदललं ते फक्त तिसऱ्या रकान्यातलं.

'केस डेफिनिशन'ला 'रोगनिकष' चालेल. अमेरिकेतल्या वटवाघळांच्या व्हाइट-नोज या बुरशीमुळे होणाऱ्या रोगासाठी तिथे असे निकष आहेत. हा रोग पहिल्यांदा २००६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत दिसला. नुसती बुरशी सापडली तर 'बुरशी आढळली' एवढंच म्हणायचं. सूक्ष्मदर्शकाखाली कातडीत ठरावीक इजा दिसली तरच 'निश्चित'. आपल्याकडे वर्तमानपत्रात 'संशयित' आणि 'निश्चित' हे शब्द एकाच बातमीत, एकाच जनावराबद्दल वाचलेत.

सातेरी
मी दोडामार्गाकडची. 'माकडताप' या नावाचंही काहीतरी करा. १९५७ साली शिमोग्याच्या क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मेली तेव्हा हा रोग कळला. गोव्यात सत्तरीत २०१५ ला, आमच्याकडे २०१६ ला आला. गोचीड चावते, माकड बिचारं आपल्याआधी मरतं, आणि नाव लागलं माकडाला. लोक माकडं दिसली की दगड मारायचे. दुसरं म्हणजे पुस्तिकेत 'माकड' कोणाला म्हणताय ते लिहा. आमच्याकडे काळ्या तोंडाचा वानर वेगळा, लाल तोंडाचं केलडं वेगळं. दोघांनाही होतो, पण नोंद नुसती 'माकड' अशी गेली तर पुढे कोणाला काय कळणार?

ढोरवैद्य
अगदी बरोबर. नावाचा घोळ शहरातही होतो. नागपूरच्या गोरेवाड्यात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या मेले, भोपाळच्या प्रयोगशाळेने एच५एन१ हा विषाणू असल्याचं सांगितलं आणि बातम्या आल्या 'वाघांना बर्ड फ्लू'. नोंदीत विषाणूचं नाव लिहावं, बोलीभाषेतलं नाव सोबत द्यावं. 'माकडताप' काढून टाकू नका, नाहीतर गावात कोणी ओळखणार नाही.

खडूफळा
प्रमाणीकरण-मानकीकरणाबद्दल : 'प्रमाणित' म्हणजे ठरल्या पद्धतीची, पारखून घेतलेली की दाखला मिळालेली? मराठीत तिन्ही अर्थ चालतात आणि इथे तिन्ही वेगळे लागतात. 'मानक' हिंदीतून आलेला असला तरी भारतीय मानक ब्यूरोमुळे ओळखीचा आहे. शास्त्रीय लेख असता तर मी 'मानकीकरण' घेतलं असतं. वनरक्षकासाठी सरळ 'सगळीकडे एकच पद्धत' लिहा.

आडगाव
'निदान'ला कोणीच हात लावला नाही! आयुर्वेदात निदान म्हणजे रोगाचं कारण. डॉक्टरी अर्थ मागून आला. आणि आमच्याकडे 'निदान फोटो तरी काढ' हा तिसरा.

पाणवठा
आडगाव, तो तिसरा अर्थ पुस्तिकेला सगळ्यात उपयोगी आहे. तीन रकाने घेतले, 'नियमित तपासणी', 'रोग सर्वेक्षण', 'रोगनिकष' घेतले. वानर आणि केलडं वेगळे छापतोय, चित्रांसकट. आता 'कारकॅस'? शव म्हटलं की माणसाचं वाटतं, कलेवर फार कवितेतलं.

ढोरवैद्य
'मेलेलं जनावर'. आणि 'मेल्याची वेळ' असा रकाना ठेवू नका, लोक अंदाजाने भरतात. 'शेवटचं जिवंत कधी दिसलं' आणि 'मेलेलं कधी दिसलं' असे दोन ठेवा. नमुना तपासण्याजोगा उरलाय का, हे प्रयोगशाळेला त्यावरून कळतं.